राजीखुशीने

कोपरखैरण्यात, दुय्यम निबंधकाच्या पायरीपासून
अकरा पावलांवर माझी टपरी.
एक टेबल, एक प्रिंटर,
झेरॉक्स दोन रुपये, फोटो लगेच.
एकवीस वर्षं मी इथे
बहिणींचे हक्क सोडवून देतो.

मसुदा एकच असतो.
नावं बदलायची, सर्व्हे नंबर बदलायचा,
गाव घणसोली, की तळवली, की गोठिवली.
बाकीचं बोटांना पाठ आहे:
नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, विनामोबदला,
राजीखुशीने व अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दबावास बळी न पडता.

आधी त्या वाचत नसत.
भावानेच केलेली रिक्षा, आत चौघी दाटून,
एकीच्या मांडीवर नवी साडी, अजून प्लास्टिकमध्ये.
अंगठा, नाहीतर सही. मग वडापाव.
मग भाऊ म्हणायचा, माहेर तुमचंच आहे हो.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड भावाला,
माहेर बहिणींना.
वाटणी चोख.

मग काहीतरी हललं. नेमकं कधी, सांगता येणार नाही.
माझ्या टपरीवर कुणी मोर्चा आणला नाही.
एकदा एकीने पर्समधून चष्मा काढला
आणि पहिलं पान वाचलं, नुसतं वाचलं.
एकदा एक सून सासूच्या कानाशी लागली,
'तुमचा हिस्सा किती, तेवढं तरी विचारा.'
एकदा एक जावई तावातावाने भांडायला आला,
त्याला बायकोनेच खाली बसवलं:
'हिस्सा माझा आहे. तुमचाही नाही.'

तेव्हा मी हसलो होतो.
चहावाल्याला म्हटलं, बायका शेफारल्या.
तो हसला नाही.
त्याला तीन मुली.

मागच्या मंगळवारी चांगुणाबाई मढवी आली.
वय बहात्तर. लहानपणी मिठागरात भाजलेल्या टाचा.
सोबत तिन्ही भाऊ, भाच्याची गाडी,
पेढ्यांचा खोका आधीच आणलेला.
म्हणाली, 'मना वाचून दाव. समदा.'
मी वाचलं, सवयीने, भराभर.
'राजीखुशीने'पाशी तिने हात वर केला,
एसटीला करतात तसा.
'यो सबद कोनी लिवला?'
बाई, तो असतोच. कायद्याची भाषा आहे.
'पन लिवला कोनी?'
म्हटलं, मी.
'मंग तुला कसा ठावा, मी खुशीन हाय?'

भाऊ मोबाइलमध्ये बघू लागले.
भाचा म्हणाला, आत्या, आपला नंबर लागलाय.
ती भांडली नाही, रडलीही नाही.
खोका उघडून एक पेढा माझ्या हातावर ठेवला.
'येवढा एक सबद खोड,
मंग लगेच सही करीन.'

तो शब्द खोडला तर दस्त दस्त राहत नाही.
थोरला मला म्हणाला, समजवा हिला,
तुम्ही तर रोज समजावता.
खरंच, रोज समजावतो.
त्या दिवशी पेढा तोंडात होता
आणि एकही वाक्य सापडलं नाही.
ती पायरी उतरली, रिक्षाला हात केला,
पैसे स्वतःच्या कनवटीचे.

रात्री जुन्या फायली उघडून बसलो.
२००९. शैलजा_हक्कसोड_अंतिम.
कळव्यातली वडिलांची खोली.
माझी सख्खी बहीण, माझाच मसुदा,
टायपिंगचे पैसे मी घेतले नव्हते,
इतकी वर्षं त्याचंच मला कौतुक.
तिने वाचलं नव्हतं.
मीही वाचून दाखवलं नव्हतं.

ऐरोलीला फोन लावला.
म्हणाली, इतक्या रात्री? बरं आहे ना सगळं?
म्हटलं, हो.
एक शब्द विचारायचा होता.
ती म्हणाली, 'थांब, गॅस बंद करून येते.'

मी थांबलोय.